देवासाठी जागा करणे म्हणजे स्वतःला पुसून टाकणे आहे का?

सातरस्ता (धागालेखक)

उपवासकाळात नम्रतेवरचे उपदेश मान डोलावून ऐकणारे आपण सारे, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांची निवडणूक लागली की कोणत्या खुर्चीवर कोण बसणार या चर्चेत कसे गुंततो, हे सोलापुरातल्या ख्रिस्ती वाचकांना मी सांगायला नको. माझ्या मते नम्रता ही बोलण्यातली अदब नाही. अंतःकरणात देवासाठी जागा मोकळी करण्याचे ते काम आहे, आणि ही जागा दुर्गुणांपेक्षा आपल्या चांगुलपणाच्या हिशेबानेच अधिक अडलेली असते. लूकच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायातल्या दृष्टांतातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, खोटे बोलत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, आणि तरीही नीतिमान ठरून घरी जातो तो ऊर बडवून दया मागणारा जकातदार. परूश्याच्या प्रार्थनेत देवाने करावे असे काही उरलेलेच नाही. फिलिप्पैकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले. सेवा, देणग्या, गायनमंडळातले स्थान, मिशनच्या काळापासून सांगितली जाणारी घराण्याची पुण्याई, यांवरचा हक्क सोडल्याशिवाय त्या वाटेने जाता येणार नाही.

भवानीपेठ

आपण ज्यांना उद्देशून लिहिले ते पंच आणि गायक आहेत. मंडळीत त्यांच्याखेरीजही माणसे असतात. आपल्या शहराच्या पूर्व भागात दिवसभर विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईला, किंवा ज्यांचे पूर्वज गावकुसाबाहेरून येऊन ख्रिस्ती झाले अशा घरातल्या मुलाला, ‘रिकामा हो’ हा उपदेश कसा ऐकू येत असेल? त्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कोणी तरी रिकामे करतच आले आहे. व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक स्त्रीने 1960 साली हा आक्षेप नेमकेपणाने मांडला होता: गर्व हेच मूळ पाप ही मांडणी प्रामुख्याने पुरुषांच्या अनुभवातून आली आहे, स्त्रियांपुढचा मोह पुष्कळदा उलटा असतो, इतरांसाठी विरघळत जाऊन स्वतः उरूच नये हा. शिवाय आपण पौलाचे वाक्य अर्ध्यावरून उचलले आहे. ते सुरू होते ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा होता येथून. ज्याच्याजवळ होते त्याने ते आपखुशीने सोडले. ज्याच्याकडून हिसकावून घेतले त्याला सोडायला सांगणे याला मी नम्रता म्हणणार नाही, मग ते व्यासपीठावरून कितीही गोड आवाजात सांगितलेले असो.

होटगीरोड

मी लिंगायत घरातला आहे, तेव्हा शास्त्रवचनांच्या वादात पडत नाही. पण सातरस्ता यांचा मुद्दा या गावाला नवा नाही. सोलापूरचे शिवयोगी सिद्धरामेश्वर तळे खोदण्यात आणि देवालये उभारण्यात गढलेले असताना वीरशैव संत अल्लमप्रभू येथे आले आणि त्यांनी या योग्याला चक्क माती खोदणारा म्हणून हिणवले, अशी परंपरेतली कथा आहे. तळे लोकांच्या उपयोगाचेच होते. अल्लमप्रभूंचा रोख ते काम करणाऱ्याच्या ‘मी’वर होता. मला शंका इतकीच आहे की चांगुलपणाचा हिशेब सोडला, या सोडण्याचाही हिशेब माणूस ठेवू लागतो, त्याचे काय करायचे?

सातरस्ता

होटगीरोड, आपल्या शंकेवर माझ्याजवळ तोड नाही, आणि ती कोणाजवळ असेल असेही वाटत नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी केलेल्या नियमात नम्रतेच्या 12 पायऱ्या सांगितल्या, पण पायऱ्या म्हटल्या की चढणारा मोजणारच.

भवानीपेठ यांना मात्र मी विरोध करतो. जुलूम हा जुलूमच आहे आणि त्याविरुद्ध उभे राहणे नम्रतेच्या आड येत नाही. स्वतःला प्रभूची दासी म्हणवणारी येशूची आई मरियाच आपल्या गीतात गाते की देवाने अधिपतींना आसनांवरून खाली ओढले आणि दीनांना उंच केले. परंतु विडी वळणाऱ्या बाईच्या अंतःकरणात देवाला अडवणारे काही असूच शकत नाही, असे आपण बाहेरून ठरवून टाकणे हाही तिचा अनादरच आहे. तिलाही राग आहे, अभिमान आहे, जावेशी अबोला आहे. केवळ पीडित म्हणून तिला या साधनेतून वगळू नये.

बाळेकर

दोघेही रिकामेपणावरच अडले आहेत. मत्तयच्या 12व्या अध्यायात येशू अशा घराविषयी सांगतो की जे झाडून, सजवून रिकामेच ठेवले, आणि बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन परत आला. जागा करायची ती कोणी तरी येऊन राहावे म्हणून. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडली, आणि ती सोडून ते स्वस्थ बसले नाहीत; ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा करण्यात त्यांनी उरलेले आयुष्य घातले. सोडण्याची चर्चा आपल्याकडे फार होते. सोडल्यानंतर आत कोण आले, हे फारसे कोणी विचारत नाही.

भवानीपेठ

बाळेकरांचे म्हणणे मला पटते. सातरस्ता यांचे निम्मेच पटते. त्या बाईने स्वतःहून अबोला सोडला तर ती नम्रता खरी, पण सोडायला सांगणारा पुरुष आधी स्वतः काय सोडतो, हे ती पाहणारच. एक साधी गोष्ट घ्या. आज्ञा-गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीत स्त्रियांनाही बसवता येईल असा बदल कॅथलिक चर्चने 2016 साली नियमातच केला. आपल्या मंडळ्यांत हा विधी करायचा झाला तर पहिल्या रांगेत कोण बसेल, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे.

सातरस्ता

पंचच बसतील, हे खरे आहे, आणि ते बदलावे. परंतु योहानाच्या 13व्या अध्यायात अडून बसतो तो येशूचा शिष्य पेत्र. प्रभूने आपले पाय धुवावेत हे त्याला सहन होत नाही, आणि त्याचा नकार दिसायला अगदी विनयाचा आहे. येशू त्याला सांगतो की मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. स्वतःहून कोणाचे पाय धुणे पुष्कळांना जमते, कारण त्यात आपण देणारे असतो. दुसऱ्यापुढे पाय पुढे करून गप्प बसणे त्याहून कठीण आहे, आणि माझ्या मते ते पंचालाही तितकेच कठीण जाईल जितके त्या बाईला.

भवानीपेठ

तितकेच नाही. पंचाचे पाय धुतले जाण्याची त्याला सवय आहे.