शिक्षकांवरच टाकून भागेल?
शाळेतल्या मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी शिक्षकांनाच प्रशिक्षण द्या, वेगळा समुपदेशक कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत नेमकं हेच तपासलं. निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत आरोग्याचा एक कार्यक्रम राबवायला व्यावसायिक नसलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक नेमले, काहींत तोच कार्यक्रम शिक्षकांकडे दिला. समुपदेशकांच्या शाळांत दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं घटली, शिक्षकांकडच्या शाळांत फरक दिसलाच नाही. त्या कार्यक्रमात एक पेटी असायची, मुलांनी मनातलं चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचं. आता गुण देणाऱ्या सरांनीच ती उघडायची म्हटल्यावर मूल मोकळेपणाने काय लिहिणार? शिवाय निवडणूक, जनगणना, पोषण आहार आधीच शिक्षकांच्या गळ्यात आहेत. निदान केंद्रामागे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटामागे, एक समुपदेशक तरी द्या.