ड्रेडनॉटच्या आधी मॉनिटर

१९०६ च्या ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेने एका रात्रीत बाकी सगळ्या युद्धनौका जुन्या केल्या, असं म्हणतात. बरोबर आहे, पण तिच्यावर जे ५ टरेट होते ना, म्हणजे तोफांचे फिरणारे बुरूज, त्यांची गोष्ट ४४ वर्षं आधी सुरू होते. अमेरिकन यादवी युद्ध, ८ मार्च १८६२, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं हॅम्प्टन रोड्स. दक्षिणेच्या व्हर्जिनिया या लोखंडी चिलखताच्या जहाजाने उत्तरेच्या दोन लाकडी युद्धनौकांपैकी कंबरलँड धडक देऊन बुडवली, काँग्रेस जाळली, लाकडी जहाजांचे गोळे तिच्यावरून नुसते उडत होते. दुसऱ्या दिवशी समोर आली उत्तरेची मॉनिटर, पाण्याबाहेर जेमतेम दिसणारा डेक आणि वर एकच गोल टरेट, त्यात ११ इंची २ तोफा. जवळजवळ ४ तास मारामारी, निकाल काहीच नाही.

मला सगळ्यात भारी वाटतो तो टरेटच्या आतला प्रकार. वाफेवर फिरायचा, पण एकदा फिरायला लागला की नेमका थांबवणं महाकठीण, म्हणून तोफखान्यावरचे लोक तो फिरत असतानाच, शत्रू समोर आला की बार काढायचे. दिशा कळावी म्हणून खालच्या डेकवर पांढऱ्या खुणा केल्या होत्या, त्याही लवकरच पुसल्या गेल्या. विचार करा, अंधार, धूर आणि आपलं तोंड कुठे आहे तेच माहीत नाही!

त्याच वर्षी ३१ डिसेंबरला मॉनिटर वादळात बुडाली. टरेट २००२ मध्ये वर काढला.