अ‍ॅप लिहिणाऱ्याने स्वतःचा नोड चालवलाच पाहिजे का?

मंदार: इथेरियम या ब्लॉकचेनवर (ब्लॉकांच्या साखळीवर) अ‍ॅप करणारे बहुतेकजण स्वतःचा नोड, म्हणजे साखळी उतरवून तपासणारा संगणक, चालवत नाहीत; कोडमध्ये तयार आरपीसी सेवेचा (तिच्या नोडला विचारून साखळीवरची माहिती देणारी सेवा) पत्ता टाकतात आणि मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. आलेलं उत्तर आपण तपासत नाही, नुसतं मानतो. ११ नोव्हेंबर २०२० ला इन्फ्युरा या अशाच सेवेचे नोड गेथ या नोड-सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवर होते. साखळीला फाटा फुटला, ते चुकीच्या बाजूला राहिले. मेटामास्क हे वॉलेट वापरणारे अडकले, बायनान्स या एक्स्चेंजने इथर (इथेरियमचं चलन) काढणं थांबवलं.

सायली: उदाहरण बरोबर, निष्कर्ष नाही. त्या दिवशी जुना गेथ चालवणारा घरचा नोडही अडकलाच असता. शिवाय सप्टेंबर २०२२ च्या मर्जनंतर (इथेरियम खाणकाम सोडून ठेवींवर चालू लागलं तो बदल) दोन क्लायंट, म्हणजे नोडची सॉफ्टवेअरं, सांभाळावे लागतात: एक्झिक्युशनला (व्यवहार चालवायला) गेथ किंवा नेदरमाइंड, कन्सेन्ससला (कुठला ब्लॉक मानायचा हे ठरवायला) लाइटहाउस किंवा प्रिझम. दोघांची जेडब्ल्यूटी फाइल (एकमेकांना ओळखायची गुप्त किल्ली) जुळली नाही की सिंक, म्हणजे साखळी उतरवून घेणं, जागचं हलत नाही. डिस्क एसएसडीच हवी. तीन जणांच्या टीमने हे कधी करायचं? दोन वेगळ्या सेवा घ्या, उत्तरं ताडून बघा.

मंदार: आणि दोघींची उत्तरं वेगळी आली तर? खरं कोण, हे नोडच सांगू शकतो. तो ब्लॉकमधला प्रत्येक व्यवहार स्वतः चालवतो आणि निघालेला स्टेट रूट (सगळ्या खात्यांच्या स्थितीचा ठसा) ब्लॉकच्या हेडरमधल्याशी (वरच्या नोंदीतल्याशी) जुळला नाही तर ब्लॉक नाकारतो.

किरण: बिटकॉइनच्या बाजूने एक भर. जागेची अडचण असेल तर प्रून करा. नोड २००९ पासूनचं सगळं तपासतो, पण जुने ब्लॉक टाकून देतो. ब्लॉकसाठी ५५० एमबी इतकी कमी मर्यादाही ठेवता येते. पूर्ण डेटा लागतो हा गैरसमज आहे. मात्र जुने व्यवहार शोधून दाखवणाऱ्या अ‍ॅपला हे पुरणार नाही.

सायली: इथेरियमवर मधला मार्ग आहे की! हेलिओससारखा लाइट क्लायंट ५१२ व्हॅलिडेटरांच्या (ठेव ठेवून ब्लॉकना मत देणाऱ्यांच्या) सिंक कमिटीच्या सह्या तपासून हेडर घेतो आणि आरपीसीने सांगितलेली शिल्लक मर्कल प्रूफने (स्टेट रूटशी जुळवून बघायच्या गणिती पुराव्याने) पडताळतो. सगळी साखळी उतरवायची गरजच नाही.

मंदार: पण त्या कमिटीने खोट्या हेडरवर सही केली म्हणून ठेव कापली जात नाही. लोकांचे पैसे जमा करणारा बॅकएंड मी तेवढ्यावर सोडणार नाही. तिथे स्वतःचा नोड, आणि ‘लेटेस्ट’ (सगळ्यात ताजा) नव्हे, ‘फायनलाइज्ड’ (पक्का झालेला) ब्लॉक बघायचा. साधारण १३ मिनिटं थांबावं लागतं, थांबा.

सायली: फायनलाइज्डचं मान्य. आणि वॉलेटच्या फ्रंटएंडला लाइट क्लायंट?

मंदार: तिथे चालेल. नुसत्या आरपीसीपेक्षा केव्हाही बरा.