शब्दचर्चा : फिएस्ता, एन्त्रादा, सोसोब्रा

प्रश्न
न्यू मेक्सिकोतल्या सांता फे शहरात सप्टेंबरात जो ‘फिएस्ता’ भरतो, त्याच्या सुरुवातीच्या इतिहासावर टिपण लिहिते आहे. तीन शब्दांपाशी अडले. ‘फिएस्ता’ म्हणजे महोत्सव म्हणावं का? ‘एन्त्रादा’ला, म्हणजे स्पॅनिशांच्या शहरप्रवेशाचं जे दृश्य फिएस्तात सादर होत असे त्याला, ‘विजयप्रवेश’ चालेल? आणि ज्या पुतळ्याला जाळतात त्या ‘सोसोब्रा’चा अर्थ कोशात ‘चिंता’ दिला आहे. तेवढाच का?

उत्तर, वसईहून
ताई, महोत्सव नको. आपल्याकडे ‘फेस्त’, म्हणजे चर्चचा सण, आहे की! लॅटिन ‘फेस्ता’ पोर्तुगीजांनी तसाच ठेवला, तो गोव्यात आणि आमच्या वसईत ‘फेस्त’ झाला. स्पॅनिशमध्ये आघाताखालच्या ‘ए’चा ‘इए’ होतो : पोर्तुगीज ‘तेर्रा’, स्पॅनिश ‘तिएर्रा’, ‘पेद्रा’, ‘पिएद्रा’. तसंच ‘फेस्ता’, ‘फिएस्ता’. म्हणजे फेस्त आणि फिएस्ता सख्खी भावंडं.

नुसतं व्युत्पत्तीपुरतं नाही, अर्थही जुळतो. १६ सप्टेंबर १७१२ रोजी सांता फेच्या नगरमंडळाने, म्हणजे ‘काबिल्दो’ने, आणि स्पॅनिश अधिकारी हुआन पाएस उर्तादोने जाहीरनामा काढला. दरवर्षी १४ सप्टेंबरला, पवित्र क्रुसाच्या सणाला, सायंप्रार्थना, मिस्सा, प्रवचन आणि चौकातून मिरवणूक व्हावी, असा तो ठराव. गोव्यात हेच मीस, शेर्मांव, पुर्शांव. मिरवणुकीचे रथ आणि बाजार नंतरचे. १९१९ साली तिथल्या संग्रहालयाचे एडगर हेवेट यांनी उत्सव नव्याने उभा केला, तेव्हापासूनच्या भागाला हवं तर ‘जत्रा’ म्हणा. १७१२च्या परिच्छेदात मात्र ‘फेस्त’च लिहा.

उत्तर, पुण्याहून
‘विजयप्रवेश’ला माझा ठाम विरोध आहे. ‘एन्त्रादा’ म्हणजे साधा ‘प्रवेश’. विजय त्यात आपण घालतो. १६८०च्या उठावात पुएब्लो लोकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, स्पॅनिशांना हुसकावून लावलं. बारा वर्षांनी, १६९२ साली, स्पॅनिश गव्हर्नर दिएगो दे वार्गास सैन्य घेऊन परतला आणि रक्त न सांडता त्याने शहराचा औपचारिक ताबा घेतला. फिएस्ता याच परतीची आठवण काढतो. पण डिसेंबर १६९३मध्ये तो वसाहतवाल्यांना घेऊन पुन्हा आला, तेव्हा लढाई झाली आणि लढाईनंतर सत्तर पुएब्लो पुरुषांना ठार करण्यात आलं. एका शब्दात पहिलं वर्ष ठेवायचं आणि दुसरं गाळायचं, हे मला पटत नाही. पुएब्लोंच्या वंशजांनाही पटलं नाही. त्यांच्या आक्षेपांनंतर २०१८मध्ये एन्त्रादाचं नाट्यरूप बंद झालं.

शब्द झाकण्याची ही रीत जुनीच. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या १५७३च्या नियमांत मोहिमांना ‘कोंकिस्ता’ (जिंकणं) म्हणू नये, ‘पासिफिकासिओन’ (शांत करणं) म्हणावं, असं फर्मान होतं. मोहिमा चालूच राहिल्या. म्हणून माझी सूचना : मूळ शब्द ‘एन्त्रादा’ ठेवा, पुढे ‘दे वार्गासच्या परतीचं दृश्य’ असं लिहा, आणि १६९३चं एक वाक्य त्याला जोडा. ते वाक्य टाळू नका.

उत्तर, नागपूरहून
सोसोब्राबद्दल मी सांगतो, कारण हा शब्द मला फार आवडतो. ‘सोसोब्रार’ म्हणजे जहाज उलटणं. मूळ कातालान : ‘सोत्स’ म्हणजे खाली, ‘सोब्रे’ म्हणजे वर. खाली-वर! मराठीत ‘जीव खालीवर होणे’ म्हणतो, तेच. ‘चिंता’ म्हटलं की माणूस स्थिर बसून विचार करतोय असं वाटतं. सोसोब्रात पोटात लाटा उठतात. दोन भाषांनी काळजीसाठी एकच हालचाल निवडली, याचं मला अजून नवल वाटतं.

पुतळा १७१२चा नाही, हे मात्र स्पष्ट लिहा. चित्रकार विल शुस्टर यांनी तो १९२४मध्ये आपल्या घरी पहिल्यांदा जाळला, आणि १९२६पासून तो फिएस्तात आला. मेक्सिकोतले याकी लोक पवित्र आठवड्यात येशूला दगा देणाऱ्या ज्यूडासचा पुतळा जाळतात, त्यावरून शुस्टर यांना ही कल्पना सुचली. नाव सुचवलं वृत्तपत्राच्या संपादकाने. लोक त्यात आपापल्या दुःखाच्या चिठ्ठ्या, घटस्फोटाचे कागद भरतात. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, ती आठवते. पण भाषांतरात ‘मारबत’ लिहू नका. तिला तिचा वेगळा इतिहास आहे, काळी मारबत १८८१पासून निघते.

उच्चाराचं म्हणाल तर स्पॅनिशमध्ये ‘सोसोब्रा’. तिथले इंग्रजी बोलणारे ‘झोझोब्रा’ म्हणतात.

प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. शब्द म्हणून ‘सोसोब्रा’ आणि पुतळ्याचं नाव म्हणून ‘झोझोब्रा’ ठेवते. वाक्य असं केलंय : ‘जीव खालीवर करणारं वर्षभराचं सगळं त्या पुतळ्यात भरतात आणि जाळतात.’ ‘फेस्त’ १७१२साठी, ‘जत्रा’ १९१९नंतरसाठी. १६९३चं वाक्य पहिल्याच परिच्छेदात घेतलं आहे.