मदत हवी आहे: मालवणला चार दिवस जातोय, कुठले बीच आणि निसर्गात काय बघायचं?

पिंपळपान
नमस्कार मंडळी. १२ तारखेला पहाटे निघतोय, १५ ला रात्री परत. देवबागला खोली बुक झालीये, पैसे भरून झालेत, आता बदलता येत नाही. मुलाला स्कुबा करायचंय आणि सिंधुदुर्ग किल्ला बघायचाय हे नक्की. बाकी बीच कुठले चांगले आणि समुद्र सोडून आजूबाजूला काय आहे ते सांगा. नेटवर सगळीकडे तेच ते टॉप टेन येतं, सगळे फोटो निळ्याशार पाण्याचे, गेलेलं माणूस कोणी बोलत नाही. लवकर सांगा प्लीज, काहीच तयारी नाहीये.

भटक्या_सातारकर
मालवणात गर्दी फार. माझं ऐकाल तर वेंगुर्ल्याकडे सरका. भोगवे, निवती, सागरेश्वर, मोचेमाड, खाली शिरोड्याचा वेळागर. भोगव्याला वरच्या वळणावरून उतरताना खाली जो किनारा दिसतो ना, तिथे गाडी थांबवाच, एका अंगाला कर्ली नदीचं मुख आणि पलीकडे तुमची देवबागची पट्टी. मी आठ वेळा गेलोय आणि आठही वेळा त्या वळणावर थांबलोय.

चिंचगूळ
महिना कुठला? गाडीने की ट्रेनने? बरोबर कोण कोण? मुलगा केवढा आहे? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

सागरवेडी
वेळासला कासवं बघा!! ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे जाताना बघणं हा आयुष्यातला अनुभव आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे घरटी जपायचं काम सुरू केलं, गावातल्या घरांतच राहायची सोय होते. आम्ही मार्चमध्ये गेलो होतो, पिल्लू तळहातापेक्षा लहान असतं, लाट आली की उलटं मागे फेकलं जातं आणि पुन्हा चालायला लागतं. माझी मुलगी अजून त्याचं चित्र काढते.

खाडीकाठ
ताई, वेळास मंडणगड तालुक्यात, रत्नागिरी जिल्ह्याच्या पार उत्तर टोकाला. हे देवबागला उतरणार आहेत, अख्खा जिल्हा ओलांडून कुठे पाठवताय? आणि अंडी घालायचा काळ नोव्हेंबर ते मार्च, पिल्लं साधारण एप्रिलपर्यंत. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही कासवं येतात, पण तीही त्याच दिवसांत.
पिंपळपान, महिना सांगा आधी.

पिंपळपान
अहो जूनच ना, १६ ला मुलाची शाळा सुरू होतेय म्हणून तर १५ पर्यंत परत यायचंय. मुलगा अकरा वर्षांचा. आम्ही पुण्याहून गाडीने येणार. स्कुबासाठी आधी बुकिंग करावं लागतं का?

खाडीकाठ
मग आधी वाईट बातमी ऐका. स्कुबा नाही, पॅरासेलिंग नाही, डॉल्फिनच्या बोटी नाहीत, किल्ल्याची होडीपण नाही. दरवर्षी मे अखेरीला हे सगळं बंद होतं ते ऑगस्ट संपेपर्यंत. तुम्हाला खोली देणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. किल्ला मालवणच्या जेटीवरून समोर दिसेल, तटाला लागून लाटा फुटतात तेही दिसेल, पण पाय ठेवता येणार नाही.

पिंपळपान
काय सांगताय. त्याने फोनवर फक्त "पावसात गर्दी नसते, मजा येते" एवढंच सांगितलं. मुलाने तर वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता काय करू? सगळं रद्द करू का?

घाटवाट
रद्द करा आणि आंबोलीला जा. जूनमधलं कोकण म्हणजे आंबोलीच. धुकं, ओढे, रात्री टॉर्च घेऊन बेडूक बघायला नेणारे लोक आहेत. मलबार ग्लायडिंग फ्रॉग एका पानावरून दुसऱ्या पानावर झेपावताना मी बघितलाय, पंजाची बोटं पसरली की मधला पडदा पूर्ण ताणला जातो. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी तर असा मासा सापडला जो त्याआधी नोंदवलेलाच नव्हता, २०२० मध्ये त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी नाव मिळालं आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. स्कुबा कुठेही होईल, हे बघायला माणसाने पावसातच जायला पाहिजे.

भटक्या_सातारकर
त्यांचे पैसे परत मिळणार नाहीयेत असं त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, वाचा तरी. आणि १२-१३ जूनला आंबोलीचा मोठा धबधबा पूर्ण भरेलच असं नाही, पाऊस कधी लागला त्यावर आहे. शिवाय शनिवार-रविवार, त्या वळणावर गाड्यांची रांग लागते.

घाटवाट
धबधब्यासाठी जा असं मी म्हटलंच नाही. नांगरतासला रस्त्याजवळूनच पाणी घळीत कोसळताना दिसतं, तिथे जा. पण ठीक आहे, देवबागला राहूनही एक दिवस आंबोली होईल.

मीरा_के
एकटे तिघंच आहात का? माझ्या सासूबाईंना घेऊन आम्ही पावसात गेलो होतो, सगळीकडे शेवाळ, जांभ्याच्या पायऱ्या एवढ्या निसरड्या की अर्ध्या ठिकाणी त्या गाडीतच बसून राहिल्या. वयस्कर कोणी असेल तर सांगा, त्याप्रमाणे ठिकाणं बदलतात.

पिंपळपान
आई आहे बरोबर. मला वाटलं फिरणं तर मुलासाठीच आहे म्हणून लिहिलं नाही. आई ७१ वर्षांची, वाशिमची, दोन्ही गुडघे दुखतात, काठी घेऊन सपाटीवर चालते, पायऱ्या जमत नाहीत. तिने आयुष्यात समुद्र बघितलेला नाही. दोनदा ठरलं होतं, एकदा बाबांच्या आजारपणात गेलं, एकदा करोनात. मुलाला स्कुबा नंतर कधीतरी दाखवेन. आईला पाण्यात पाय बुडवायचेत, ती गेले दोन महिने तेवढंच म्हणतेय. जूनमध्ये ते तरी होईल का?

चिंचगूळ
हे पहिल्यांदा सांगायचं होतं ना. आता प्रश्नच बदलला.

एकांडा
स्पष्ट सांगतो, नका नेऊ. माझा मावसभाऊ जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात उभा होता, फक्त गुडघाभर. लाट परत जाताना पायाखालची वाळू सरकली, तो बसला आणि पुढच्या लाटेने आत ओढला. गावातल्या दोघांनी दोर टाकून काढला म्हणून आज आहे. पावसात किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला एक अरुंद वाट करतं, तिथे लाट फुटत नाही म्हणून तीच जागा शांत वाटते आणि माणसं नेमकी तिथेच उतरतात. ओढ तिथेच असते. सापडलात तर किनाऱ्याकडे न झगडता आडवं पोहायचं. पण ७१ वर्षांच्या बाई काय पोहणार?

दर्यातला_माणूस
वेंगुर्ल्याचा आहे, वडील मासेमारी करायचे. एकांडा म्हणतात ते खरं आहे, पण त्यासाठी आईंना समुद्र न दाखवता परत न्यायचं हे मला पटत नाही. वेळ आणि जागा निवडायची.

तुमच्या तारखा अमावास्येला लागून आहेत, म्हणजे उधाण. भरतीला समुद्राकडे फिरकू नका. भरतीची वेळ काढायचा आमचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि रात्री दोन्ही, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. तुमच्या शनिवारी त्रयोदशी आहे, तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे दुपारी पावणेचारच्या आसपास ओहोटी. रविवारी पाऊण तास पुढे.

जागा म्हणाल तर देवबागचा समुद्र नको. ती एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी चिंचोळी पट्टी आहे, पावसात समुद्राच्या बाजूला वाळू खचते, उतार तीव्र होतो. मालवण गावातला चिवला बीच बघा. अर्धगोल आहे, खडकांचा थोडा आडोसा आहे, आणि मुख्य म्हणजे रस्ता किनाऱ्याला लागून जातो, आईंना गाडीतून उतरून फार चालायला नको. घट्ट ओल्या वाळूत प्लास्टिकची खुर्ची ठेवा, लाटेचं शेवटचं पातळ पाणी जिथे येऊन थांबतं तिथे. दोन्ही बाजूंनी दोघांनी धरा. पाणी पायाशी येईल, तुम्ही पाण्याकडे जायचं नाही. लाल बावटा असेल किंवा जीवरक्षक नको म्हणाला तर वाद घालायचा नाही. आमची आजी सांगायची, दर्याक पाठ करू नको. फोटो काढतानाही नाही.

गणितज्ञ_नाना
तिथीचा हिशोब अर्धा-पाऊण तास चुकू शकतो. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मिळतं, ॲपवरही मिळतं. आईंच्या बाबतीत अंदाजावर जाऊ नका.

दर्यातला_माणूस
कोष्टक बघाच, मी नको म्हणत नाही. पण आमच्याकडे माणसं पिढ्यानपिढ्या याच हिशोबावर होड्या घालतायत. नेट गेलं तर तिथी जात नाही.

मीरा_के
आईंसाठी अजून दोन. एक धामापूर तलाव, कुडाळ-मालवण भागातच, १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ. देवळापर्यंत पायऱ्या आहेत पण वरून झाडांतून तलाव दिसतो, पावसात तिथे दुसरा आवाज नसतो, फक्त पानांवरून गळणारं पाणी. दुसरं कुणकेश्वर. देऊळ किनाऱ्यालाच आहे, ओट्यावर बसलं की समोर समुद्र. सासूबाई तिथे दोन तास बसल्या, मला वाटलं कंटाळल्या असतील, तर म्हणाल्या अजून थोडा वेळ बसू.

चिंचगूळ
मुलाला विजयदुर्ग दाखवा, तिथे होडी लागत नाही, गाडी दारापर्यंत जाते. तीन बाजूंनी समुद्र आहे, तटावरून लाटा बघताना तो स्कुबा विसरेल. मात्र तटाच्या कडेला एकटं सोडू नका, दगड ओले असतात. सिंधुदुर्ग १६६४ ला बांधायला घेतला, त्यापेक्षा विजयदुर्ग कितीतरी जुना, शिलाहार राजांपासूनचा, हे सांगून ठेवा म्हणजे वर्गात सांगायला काहीतरी होईल.

खवय्या_रत्नांग्री
जूनमध्ये ताजे मासे मिळतील का हे कोणी सांगितलं नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, त्यामुळे सुरमई-पापलेटची आशा नको, मिळालं तर बर्फातलं. खाडीतले मासे विचारा, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या विचारा, नाहीतर सुक्या बांगड्याची किसमूर आणि भाकरी. बंदीच्या दिवसांत घराघरांत तेच असतं आणि चवीला कुठेही कमी नाही.

पिंपळपान
आई शाकाहारी आहे, पण धन्यवाद. रस्ता कुठला घेऊ? आंबोलीचा की फोंड्याचा?

भटक्या_सातारकर
फोंडा. कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली, कसाल, मालवण. दाजीपूरच्या जंगलातून रस्ता जातो, पहाटे निघाला असाल तर दुपारी जेवायला पोचाल.

घाटवाट
निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी. आंबोली वाटेतच होते, वेगळा दिवस घालवायला नको.

भटक्या_सातारकर
आईंचे गुडघे दुखतात, गाडीत एक-दीड तास जास्त बसायला लावायचं का?

घाटवाट
बरं, जाताना फोंडा घ्या आणि येताना आंबोली. दरड पडली का ते निघायच्या आदल्या रात्री विचारून घ्या.

पिंपळपान
मंडळी, कालच परत आलो. शुक्रवारी धो धो, खोलीतून बाहेर पडलोच नाही. शनिवारी साडेतीनला चिवल्यावर पोचलो, पाऊस थांबला होता, समुद्र मात्र चहासारखा गढूळ, फोटोतल्यासारखा अजिबात नाही. मला वाटलं आईचा विरस होईल. खुर्ची ठेवली, एका बाजूला मी, एका बाजूला बायको. पहिलं पाणी पावलाशी आलं तेव्हा तिने पाय वर उचलले, दुसऱ्यांदा नाही उचलले. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, "खरंच खारट आहे रे." मुलगा मागे खेकड्यांनी काढून ठेवलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मोजत बसला होता. वीस मिनिटांत जीवरक्षकाने शिट्टी मारली, उठलो.
रविवारी कुणकेश्वर आणि विजयदुर्ग केलं. येताना आंबोली धुक्यात, नांगरतासचा आवाज आला, दिसलं काहीच नाही. दर्यातला_माणूस, शनिवारची ओहोटी कोष्टकात ३.३५ ला होती.

दर्यातला_माणूस
दहा मिनिटांचा फरक. आईंना नमस्कार सांगा. डिसेंबरमध्ये मुलाला घेऊन या, किल्ल्याची होडी सुरू असते.