अतिवाहक तार: विजेच्या जाळ्यात वापरायची की चुंबकातच ठेवायची?

तांबट: 1986 मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना 35 केल्विनच्या आसपास अतिवाहक होणारे, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारे, सिरॅमिक सापडले. पुढच्याच वर्षी वायबीसीओ (यिट्रियम, बेरियम, तांबं नि ऑक्सिजनचं संयुग) 93 केल्विनपर्यंत पोचले, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनच्या (उणे 196 अंश सेल्सियस) वर; त्याने थंड करून भागतं. 'आता वीज फुकटात वाहणार' अशा आरोळ्या तेव्हापासून ऐकतोय. माझं मत सरळ आहे: वीजवाहिनी हे या तारेचं कामच नाही. तिला चुंबकात बसवा. (अशा पदार्थांना 'उच्च तापमान' अतिवाहक म्हणतात; उणे 196 अंशांना 'उच्च' म्हणणाऱ्यांना दंडवत.)

गारवा: असहमत. जर्मनीतल्या एसेन शहरात 2014 मध्ये 1 किमीची अतिवाहक केबल जोडली. विद्युतदाब फक्त 10 केव्ही (किलोव्होल्ट), क्षमता 40 मेगावॅट. एरवी एवढ्या विजेसाठी 110 केव्हीची केबल आणि भर शहरात मोठा ट्रान्सफॉर्मर लागला असता. किंमत तारेची कसली बघता? वाचलेली जागा बघा.

तांबट: पण 1 किमीच ना! शिवाय एसीत अतिवाहकातही थोडी ऊर्जा वाया जातेच, आणि 77 केल्विनवरची 1 वॅट उष्णता बाहेर काढायला प्रत्यक्षात दहा-वीस वॅट खर्च होतात. वर केबलच्या आवरणातून झिरपणारी उष्णता वेगळी. ती केबलमधून वीज जावो न जावो, चोवीस तास चालूच.

पातळथर: तुम्ही दोघं 'तार' म्हणताय, मुळात ही तार नाहीच, फीत आहे. तांब्यासारखं सिरॅमिक ओढून लांब करता येत नाही, ते तुटतं. पहिल्या पिढीत बिस्मथवाल्या संयुगाची भुकटी चांदीच्या नळीत भरून ओढायचे, लाटायचे, भाजायचे. चांदीनेच खिसा कापला. आताच्या फितीत हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूची पातळ पट्टी, तिच्यावर आधारथर, मग एक-दोन मायक्रॉनचं अतिवाहक आणि वरून चांदी नि तांबं. खरी मेख स्फटिकांच्या रांगेत आहे. शेजारच्या दोन स्फटिककणांची दिशा काही अंशांनी जरी हलली तरी त्या सांध्यातून जाणारा प्रवाह झपाट्याने पडतो. म्हणजे शेकडो मीटर लांबीवर जवळजवळ एकच स्फटिक वाढवल्यासारखं काम! मध्ये एक डाग राहिला की तो तुकडा कापा. भाव त्यामुळे चढतो, कच्च्या मालामुळे नाही.

गारवा: मग मागणी वाढल्याशिवाय भाव उतरणार कसा? जाळ्यात वापर झालाच पाहिजे.

तांबट: मागणी संलयनवाल्यांनी (अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवू पाहणाऱ्यांनी) आणलीय. 2021 च्या सप्टेंबरात एमआयटीच्या चमूने 20 टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चुंबक चालवून दाखवलं, त्यात अडीचशे किमीहून जास्त फीत होती. 20 केल्विनला ती प्रचंड चुंबकीय क्षेत्रातही प्रवाह वाहते. तिथे तांबं गरम होऊन हात टेकतं आणि निओबियम-टायटॅनियम ही जुनी अतिवाहक मिश्रधातू अतिवाहक राहतच नाही.

पातळथर: चुंबक म्हणजे सुटलात असं समजू नका, तांबटराव. फितीत एखादी जागा अतिवाहकता गमावून तापली की ती उष्णता शेजारी फार हळू पसरते, सेकंदाला काही सेंटीमीटर. तेवढ्या वेळात व्होल्टेज इतकं कमी दिसतं की यंत्रणेला कळेपर्यंत ती जागा जळालेली असते. शिवाय थर सुटण्याची भीती. गुंडाळी रेझिनमध्ये बुडवून थंड केली की आकुंचनाच्या ओढीने फितीचे थर उकलू शकतात.

तांबट: हे मान्य. म्हणूनच वेटोळ्यांमधलं इन्सुलेशन काढून टाकायची युक्ती निघाली ना? एखादी जागा बिघडली तर प्रवाह शेजारच्या वेटोळ्यात शिरतो.

पातळथर: हो, पण मग चुंबक भारित व्हायला, म्हणजे पूर्ण क्षेत्र उभं राहायला, वेळ लागतो. क्षेत्र भरभर बदलायचं असेल तिथे ती युक्ती उपयोगाची नाही.

गारवा: म्हणजे जिथे क्षेत्र स्थिर तिथेच तुमचं चुंबक. डीसी केबलमध्ये प्रवाह स्थिरच असतो आणि तुम्ही म्हणता तो एसीचा तोटाही जवळपास नसतो. त्यावर बोला.

तांबट: डीसीचं पटतंय. आवरणातून झिरपणाऱ्या उष्णतेवर मात्र अजून उत्तर आलेलं नाही.