गरब्याच्या ड्रम सेटवर काउबेल: हवी की नको?

दोनकाठ्या
आमचा ग्रुप छोटा. गणपतीत वडोदऱ्यात दांडिया बाजाराच्या आसपास मराठी गाणी, नवरात्रीत एका सोसायटीचा गरबा. ढोली एक, तबला-ढोलक एक, कीबोर्ड, दोन गायिका आणि ड्रमवर मी. यंदा बेस ड्रमच्या कड्यावर आठ इंची काउबेल, म्हणजे गाईच्या गळ्यातल्यासारखी धातूची घंटा, बसवली. पहिल्याच तालमीत आमचे तबलेवाले काका म्हणाले, "गोठा बांधतोयस का रे?" गायिका हसल्या आणि मग गप्प बसल्या. म्हणजे त्यांनाही नकोच आहे.

माझं म्हणणं असं. गरबा रंगात आला की हाय-हॅटची (एकावर एक आपटणाऱ्या झांजांच्या जोडीची) चकचक ढोलात आणि टाळ्यांत बुडून जाते. गोलाच्या पार बाहेरच्या रांगेत फिरणाऱ्याला लय धरायला एक कोरडा, ठाम ठोका हवा. या घंटेला लोलक नसतो, काठीनेच वाजवायची. तोंडाच्या कडेवर काठीचा जाड भाग मारला की भरीव "टाँग", पाठीवर टोक टेकवलं की बारीक "टिक". शिवाय हे माझं खूळ नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या ड्रम सेटवर काउबेल आणि लाकडी ठोकळा असायचेच. पायाने वाजणारी आजची हाय-हॅट १९२० च्या दशकात आली, तिच्या आधीपासून घंटा आहे. मग आता तीच परकी कशी?

ठेकाबाज_काका
"गोठा" म्हणणारा तो काका मीच. इथेही आलास तर ऐक.

जुनी आहे म्हणून चालेल हा मुद्दा होत नाही. जुनं म्हणशील तर आपल्याकडे टाळ आहे, झांज आहे, मंजिरा आहे. धातूच्या आवाजाने लय धरायची हे वारकऱ्यांना सांगायला काउबेलवाल्या क्युबातून कुणी यायला नको. पण टाळ वाजला की त्याची आस मागे राहते, ती पुढच्या शब्दाला हात देते. तुझी घंटा शब्दाच्या डोक्यात खिळा मारते. माताजीचं नाव घेतानाच "टाँग"!

आणि खरी तक्रार वेगळीच आहे, ती तू वर लिहिलीच नाहीस. त्या दिवशी तू साधा ठेका वाजवत नव्हतास. काहीतरी शिकून आला होतास.

दोनकाठ्या
हो, ते राहिलं. पश्चिम आफ्रिकेत आणि क्युबाच्या बेंबेमध्ये (तिथल्या आफ्रिकी वळणाच्या धार्मिक नाचगाण्यात) बारा मात्रांचा घंटेचा एक ठेका आहे, त्यात सात ठोके. आपला गरब्याचा ठेका, हिंच, सहा मात्रांचा, त्याची दोन आवर्तनं म्हणजे बारा. मला वाटलं चपखल बसेल. ऐकायला तर सरसच वाटतं.

ठेकाबाज_काका
घरी बसून मोजलं मी. तुझे ठोके पडतात १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. सातवी मात्रा रिकामी. सातवी म्हणजे दुसऱ्या हिंचाची सम! एका आवर्तनाला सम मिळते, पुढच्याला गायब. ढोली बिचारा दर वेळी माझ्याकडे बघत होता, जसं काही मीच चुकलोय. बाहेरच्या रांगेला लय मिळावी म्हणून घंटा आणलीस आणि समेवरच पाय अधांतरी ठेवलास.

ठेका वाईट आहे असं म्हणत नाही. तिकडे तो कानात मुरलेला असतो, सम दाखवायची गरजच नसते. इथे दहा वर्षांची पोरं टाळी समेवर धरतात.

मांडवीकर
गोठा असो की ग्राउंड, पास केवढ्याचा ते आधी सांगा.

फेडरवाला
मी साउंड बघतो, म्हणून एक कोरडा हिशोब. सोसायटीच्या गरब्याला तीन बाजूंनी बिल्डिंगा असतात. समजा समोरची भिंत ३० मीटरवर आहे. आवाज जाऊन परत यायला ६० मीटर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ०.१८ सेकंद. आता द्रुत हिंच: मिनिटाला १२० टाळ्या आणि दर टाळीला तीन मात्रा धरल्या तर एक मात्रा ०.१७ सेकंदाची. म्हणजे भिंतीवरून परतलेला ठोका जवळजवळ पुढच्याच मात्रेवर येऊन बसतो. ढोलाचं चालून जातं, तो परत येतो तेव्हा नुसती घुमघुम असते. घंटेचा ठोका परत येतो तोसुद्धा तितकाच टोकदार. मग पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना दोन-दोन घंटा ऐकू येतात आणि शिव्या मला.

माझं मत: हवी तर ठेवा, पण तिला वेगळा माइक मागू नका. स्नेअर ड्रमच्या आणि वर टांगलेल्या ओव्हरहेड माइकमध्ये ती न बोलावता येतेच.

आठपॅड
एवढा त्रास कशाला? ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, काउबेल आहे. पॅडचा आवाज कमी-जास्त होतो, नट सैल होत नाही, कड्यावर ओरखडे नाहीत. १९८० च्या रोलंड टीआर-८०८ या ड्रम मशीनमधली ती प्रसिद्ध घंटा तर लोखंडाचीही नव्हती, ५४० आणि ८०० हर्ट्‌झच्या आसपासच्या दोन चौकोनी लहरींची बेरीज. तरी जग तिच्यावर नाचलं.

दोनकाठ्या
@आठपॅड, त्या आवाजाला घंटा म्हणणं म्हणजे सॅक्रिनला ऊस म्हणण्यासारखं आहे. पॅडला काठीचं टोक आणि जाड भाग यातला फरक कळत नाही. मला तर तेवढाच फरक हवाय.

निरोण्याचा_ग्राहक
थोडं विषयांतर. काउबेल बाहेरूनच का मागवता? कच्छमधल्या निरोण्याचे लोहार जनावरांच्या घंटा बनवतात. लोखंडी पत्रा नुसता ठोकून-दुमडून जोडलेला, वेल्डिंग नाही, वरून तांब्याचा मुलामा. कडेला हातोडीने हलके ठोके देत सूर जमवतात, ते बघत मी अर्धा तास उभा होतो. हौसेने दोन घंटा आणल्या, लाकडी लोलक काढले, मुलाच्या ड्रम सेटला बांधल्या.

फजिती झाली. लोलकाने आतून वाजते तेव्हा ती घंटा गाते, बाहेरून काठी मारली की पत्र्याच्या डब्यासारखी "टप". आठवड्यात पाठीला पोचा आला. आता एक दारात टांगली आहे. दुसरी कुठे गेली ते बायकोला विचारावं लागेल.

गोलातली
मी वाजवणारी नाही, फिरणारी. रावपुऱ्यात वाढले, लहानपणापासून वडोदऱ्याचे गरबे केले. दादा, बाहेरच्या रांगेत आम्हाला लय ऐकू येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं? पुढच्या बाईच्या खांद्याकडे बघून पाऊल पडतं. तिची टाळी आणि माझी टाळी हीच आमची घंटा. गरब्यातल्या गर्दीला मेट्रोनोम लागत नाही.

पण एक कबूल करते. रात्री शेवटच्या अर्ध्या तासात, चाल वाढते तेव्हा, पाय जड झालेले असतात. त्या वेळी कुठूनतरी नवीन आवाज आला की अंगात पुन्हा जोर येतो. एका वर्षी कोणीतरी थाळी वाजवायला घेतली होती, अजून आठवतं. पहिल्या गरब्यापासून तीच थाळी वाजली असती तर मी घरी निघून गेले असते.

ठेकाबाज_काका
ताई, नेमकं बोललात. मी एवढं लिहून हे सुचलं नाही.

दोनकाठ्या
@गोलातली, गंमत म्हणजे क्युबातही असंच करतात. बोंगोवाला गाणं संथ असताना बोंगो वाजवतो, गाणं तापलं की बोंगो खाली ठेवून हातात घंटा घेतो. हे मला माहीत होतं आणि तरी मी पहिल्या आरतीपासून घंटा ठोकत बसलो.

काका, बाहेरच्या रांगेचा मुद्दा मागे घेतो, तो ताईंनी खोडलाच. घंटा मात्र काढणार नाही. मोबदल्यात एवढं: आरतीला आणि संथ गरब्याला हात लावणार नाही. चाल वाढली की फक्त पहिली आणि चौथी मात्रा, दोन्ही हिंचांत सारखी. सात ठोक्यांचा प्रयोग गणपतीतल्या एखाद्या गाण्यासाठी राखून ठेवतो, तोही तुम्ही हो म्हणालात तर. भिंतीवरून परत येतो त्यासाठी घंटेच्या पोटात कापडाची घडी चिकटवतोय, म्हणजे "टाँग"चा "टक" होईल.

फेडरवाला
चालेल ने. घडी जाड ठेव.

ठेकाबाज_काका
चौथीवर हळू, ती पहिलीपेक्षा मोठी झाली तर मी उठून जाईन. आणि कापड कुठलं घेतोयस? परवापासून माझ्या डग्ग्याची गवसणी सापडत नाहीये.